एकाच संगणकावर सारखे दोन-चार मिडी कंट्रोलर: ओळख कुठे ठेवावी

कोल्हापुरात संगीताचे क्लास घेणारे, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे आणि हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देणारे बरेच जण एक मोठा, महागडा मिडी कंट्रोलर (कोणता स्वर दाबला, कोणते बटण हलवले हे मिडी या संदेशांच्या भाषेत संगणकाला कळवणारा कीबोर्ड किंवा बटणांचा खोका) घेण्याऐवजी एकाच मॉडेलचे दोन-तीन छोटे कंट्रोलर घेतात, आणि त्यामागे सरळ व्यवहार आहे. छोटी यंत्रे सॅकमध्ये बसतात, दुचाकीवरून नेता येतात, पैसे हातात येतील तसे एकेक नग वाढवता येतो आणि ऐन प्रयोगात एक बंद पडले तरी दुसऱ्यावर वेळ निभावून नेता येते. अडचण सुरू होते ती ही सारखी यंत्रे एकाच लॅपटॉपला जोडल्यावर. यादीत एकच नाव दोनदा दिसते, काल डावीकडच्या खोक्याला दिलेले काम आज उजवीकडचा खोका करू लागतो आणि जुळवून ठेवलेला प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी उघडल्यावर ओळखू येत नाही. आमच्या क्लासमध्ये २५ पट्ट्यांचे चार सारखे कीबोर्ड एकाच लॅपटॉपवर चालतात आणि नाटकाच्या कामासाठी आठ-आठ फेडरचे, म्हणजे पातळी कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्यांचे, दोन सारखे खोके आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. त्यावर मनात पक्की झालेली मांडणी येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

यूएसबीने जोडलेले प्रत्येक यंत्र संगणकाला आपली माहिती देते. त्यात उत्पादकाचा क्रमांक असतो आणि उत्पादनाचा क्रमांक असतो. हे दोन्ही १६ बिटांचे असून एका मॉडेलच्या सगळ्या नगांवर तेच असतात. तिसरी गोष्ट म्हणजे अनुक्रमांक, अर्थात सीरियल नंबर. तो प्रत्येक नगाचा वेगळा असावा अशी अपेक्षा असते, परंतु यूएसबीच्या नियमांनुसार तो देणे ऐच्छिक आहे, आणि स्वस्त मिडी कंट्रोलरांमध्ये तो अनेकदा दिलेलाच नसतो. यूएसबीवरून मिडी कसे पाठवावे हे ठरवणारा प्रमाणित आराखडा १९९९ साली आला आणि त्यामुळे वेगळा ड्रायव्हर न टाकता तो पाळणारे कोणतेही यंत्र जोडताक्षणी चालू लागले, ही मोठी सोय झाली. मात्र त्या आराखड्यानेही अनुक्रमांकाची सक्ती केली नाही. यंत्राच्या तळाला चिकटवलेल्या कागदावर जो सीरियल नंबर छापलेला असतो, तो यंत्राच्या आतून संगणकाला सांगितला जातोच असे नाही.

अनुक्रमांक नसला की संगणकाकडे दोन सारख्या यंत्रांत फरक करण्याचा एकच आधार उरतो, तो म्हणजे यंत्र कोणत्या पोर्टला जोडले आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगितला की घर सापडते, परंतु त्या घरात आज कोण राहते हे गल्लीच्या क्रमांकावरून कळत नाही. भाडेकरू बदलला तरी गल्ली तीच राहते. पोर्टचेही तसेच आहे. दोन केबलींची अदलाबदल झाली, तर संगणकाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, आणि वाजवणाऱ्याच्या दृष्टीने सगळेच बदललेले असते.

मिडीच्या स्वतःच्या भाषेत यंत्राला त्याची ओळख विचारण्याची सोय आहे. एफ०, ७ई, ७एफ, ०६, ०१, एफ७ असा (सोळाच्या पायावरच्या अंकांत लिहिलेला) सहा बाइटचा संदेश पाठवला की हा संदेश समजणारे यंत्र उत्तरादाखल आपला उत्पादक, यंत्रकुल, मॉडेल आणि आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती कळवते. त्या उत्तरात नगाचा अनुक्रमांक नसतो, म्हणून दोन सारखी यंत्रे सामान्यतः अक्षरशः एकसारखे उत्तर देतात. ज्या यंत्रांत डिव्हाइस आयडी बदलता येतो, तेथे मात्र त्या उत्तरातला एक बाइट वेगळा मिळू शकतो. नोव्हेशन कंपनीच्या लाँचपॅड या चौकोनी पॅडांच्या कंट्रोलरमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. यंत्राच्या सुरुवातीच्या मेनूत जाऊन प्रत्येक लाँचपॅडला वेगळा आयडी दिला की अनेक लाँचपॅड एका संगणकावर वेगळे ओळखता येतात. अशी सोय प्रत्येक उत्पादकाने दिली असती, तर या विषयावर लिहिण्यासारखे फारसे काही उरले नसते.

विंडोजमध्ये पहिला नग जोडला की त्याचे मूळ नाव दिसते आणि त्याच मॉडेलचा दुसरा नग जोडला की त्याच्या नावापुढे ‘२-’ असे लागते. हा आकडा विंडोजने आपल्या नोंदीसाठी लावलेला असतो आणि तो यंत्राशी बांधलेला नसतो. अनुक्रमांक नसलेला तोच नग तिसऱ्या पोर्टला लावला तर विंडोज त्याला नवे यंत्र समजते आणि ‘३-’ लावून मोकळी होते. जुन्या नोंदी मात्र तशाच राहतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली यंत्रे दाखवण्याचा पर्याय निवडला की कधीकाळी जोडलेल्या आणि आता हजर नसलेल्या यंत्रांची फिकट रंगातली रांग दिसते; ती रांग काढून टाकली, सगळ्या केबली काढल्या आणि ठरलेल्या क्रमाने एकेक यंत्र ठरलेल्या पोर्टला पुन्हा लावले की नावे पुन्हा सुटसुटीत होतात. ही साफसफाई प्रोजेक्ट तयार करण्याच्या आधी करावी, कारण नंतर केली तर प्रोजेक्टमधली जुनी नावे निरुपयोगी होतात.

मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडून त्यातल्या ‘मिडी स्टुडिओ’ खिडकीत प्रत्येक यंत्राचे चित्र दिसते आणि त्यावर दोनदा क्लिक करून त्याचे नाव बदलता येते. ‘डावा’, ‘उजवा’ अशी नावे दिली की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तीच नावे दिसतात, हे सुखाचे आहे. तरीही अनुक्रमांक नसलेल्या यंत्रांच्या बाबतीत पोर्टची अदलाबदल झाली तर नावांचीही अदलाबदल होण्याचा धोका राहतोच.

लिनक्स वापरणारे आपल्याकडे थोडे आहेत, परंतु या एका बाबतीत त्यांची व्यवस्था मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तेथे यंत्रांना सापडतील त्या क्रमाने आकडे मिळतात आणि सारख्या नावाच्या दुसऱ्या यंत्रापुढे ‘_१’ लागते, म्हणजे सुरुवात इतरांसारखीच डळमळीत असते. मात्र यूडेव्ह नावाच्या यंत्रणेत आपण स्वतः एक नियम लिहू शकतो: ‘१-१.२’ या ठिकाणी, म्हणजे पहिल्या बसच्या पहिल्या पोर्टला लावलेल्या हबच्या दुसऱ्या तोंडाशी जे ध्वनियंत्र सापडेल, त्याला अमुक नाव द्यावे. एका ओळीचा हा नियम एकदा लिहून ठेवला की संगणक कितीही वेळा बंद-चालू केला तरी त्या तोंडाला लावलेले यंत्र त्याच नावाने येते. ओळख पोर्टवरून ठरते आहे हे येथे झाकलेले नाही, आणि नेमके कोणते पोर्ट हे आपल्या हातात दिलेले आहे.

हे सगळे समजून घेतल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की सारख्या यंत्रांची ओळख संगणकावर सोपवू नये, ती यंत्राच्या आत ठेवावी. त्यासाठी लागणारी गोष्ट मिडीत १९८३ पासून आहे. एका जोडणीवर १६ चॅनल असतात आणि स्वर, कंट्रोल (फेडर-बटणांची हालचाल) किंवा पिच बेंड (स्वर वर-खाली वाकवणे) यांचा प्रत्येक संदेश आपल्या पहिल्याच बाइटमध्ये चॅनलचा आकडा घेऊन निघतो. पहिल्या कीबोर्डला चॅनल १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ असे यंत्राच्या स्मृतीत कायमचे लिहून ठेवले, की संगणकाने त्यांना कोणत्याही नावाने हाक मारली आणि केबल कोणत्याही पोर्टला लागली, तरी आलेला स्वर कोणाचा हे त्या स्वराबरोबरच कळते. सॉफ्टवेअरमध्ये मग ट्रॅकच्या इनपुटला विशिष्ट यंत्र निवडायचेच नाही. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्व मिडी इनपुट’ निवडून त्याखालचा चॅनल निवडावा, तशाच एबलटन लाइव्हमध्येही ‘ऑल इन्स’ ठेवून चॅनल निवडावा. असा प्रोजेक्ट दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडला तरी पुन्हा जुळवणी करावी लागत नाही, आणि आयत्या वेळी कोणाचा तरी लॅपटॉप मागून आणावा लागणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

चॅनल वेगळे नसले तर काय होते हे क्लासमध्ये फार स्पष्ट दिसते. दोन विद्यार्थ्यांचे कीबोर्ड एकाच चॅनलवर, एकाच ट्रॅकवर आहेत असे धरू. दोघांनी मधला सा, म्हणजे ६० क्रमांकाचा स्वर दाबून धरला. पहिल्याने बोट उचलले की त्याच्या कीबोर्डवरून ६० क्रमांकाचा स्वर थांबवण्याचा संदेश जातो, आणि बहुतेक ध्वनियंत्रे तो स्वर तेथेच थांबवतात, जरी दुसऱ्याचे बोट अजून पट्टीवर असले तरी. मुलाला वाटते की आपला कीबोर्ड खराब आहे. वास्तविक दोन कीबोर्डांचे बोलणे एकाच तोंडून ऐकले गेलेले असते.

चॅनल वेगळे केल्याने हा दोष जातोच, शिवाय गायन शिकवताना त्याचा एक मोठा लाभ होतो. आमच्याकडे मुलगे, मुली आणि मोठी माणसे एकत्र बसतात आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी असते. कोणी काळी एकमध्ये गातो, कोणाला काळी चार लागते, कोणी काळी पाचमध्ये मोकळे गाते. चारही चॅनलच्या ट्रॅकवर स्वर सरकवण्याची स्वतंत्र सोय लावली, म्हणजे पहिल्यावर एक अर्धस्वर वर, दुसऱ्यावर आठ अर्धस्वर वर, तिसऱ्यावर दोन अर्धस्वर खाली, की प्रत्येक विद्यार्थी बोटे पांढरी एकपासूनच ठेवतो आणि ऐकू मात्र स्वतःच्या पट्टीतला सा येतो. बोटांची सवय सगळ्यांची एकच राहते आणि गळ्यावर ताण येत नाही. चार सारखे कीबोर्ड घेण्याचे माझ्या मते हे सर्वांत चांगले कारण आहे, आणि ते केवळ चॅनलवर उभे आहे.

फेडरच्या खोक्यांसाठी थोडी अधिक काळजी लागते. कॉर्गचा नॅनोकंट्रोल२ हा खोका अनेकांकडे आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. त्याच्या मूळ मांडणीत आठ फेडर ० ते ७ या कंट्रोल क्रमांकांवर, आठ नॉब १६ ते २३ वर आणि प्रत्येक फेडरशेजारची सोलो, म्यूट आणि रेकॉर्ड ही तीन-तीन बटणे अनुक्रमे ३२ ते ३९, ४८ ते ५५ आणि ६४ ते ७१ या क्रमांकांवर असतात. मिडीच्या ठरलेल्या अर्थानुसार क्रमांक १ म्हणजे मॉड्युलेशन, ७ म्हणजे आवाजाची पातळी आणि ६४ म्हणजे सस्टेन पेडल. म्हणून हा खोका आणि कीबोर्ड एकाच चॅनलवर एकाच वाद्यापर्यंत पोहोचले, तर दुसरा फेडर सरकवताच स्वर थरथरू लागतो आणि रेकॉर्डचे पहिले बटण दाबले की सगळे स्वर अडकून वाजत राहतात. यासाठी मी खोक्यांना १५ आणि १६ हे चॅनल देतो आणि वाद्यांचे ट्रॅक १ ते ४ पुरतेच उघडे ठेवतो.

हे बदल करण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. कॉर्ग कंट्रोल एडिटर हे खोक्याची मांडणी बदलण्याचे उत्पादकाचे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी दोन्ही खोके काढून ठेवावेत आणि एकच जोडावा, कारण दोन सारखे खोके जोडलेले असताना एडिटर नेमका कोणाला लिहितो आहे याची खात्री देता येत नाही. त्याचा ग्लोबल चॅनल १५ करून ‘राइट सीन डेटा’ ही आज्ञा द्यावी, खोका काढून पुन्हा जोडावा आणि एक फेडर सरकवून संदेश १५ वरच येतो आहे हे पाहावे. मगच त्याच्या पाठीवर जाड मार्करने १५ लिहावे आणि दुसऱ्या खोक्याकडे वळावे. पाठीवरचा आकडा ही गौण गोष्ट नाही; प्रयोगाच्या अंधारात कोणता खोका संवादांच्या ध्वनिफितींचा आणि कोणता संगीताचा हे सहायकाला त्या आकड्यावरूनच कळते.

ही पद्धत चालत नाही अशी काही ठिकाणेही आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मॅकी कंट्रोल ही रीत. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरशी थेट बोलण्यासाठी अनेक खोके हिचा आधार घेतात. जोडताना ठरावीक बटणे दाबून धरली की खोका या रीतीत जातो. तिच्यात आठ फेडर पिच बेंडच्या रूपाने १ ते ८ या चॅनलवर बोलतात आणि मुख्य फेडर नवव्यावर, म्हणजे चॅनल हे फेडर ओळखण्यासाठी आधीच खर्च झालेले असतात. तेथे दोन खोके वेगळे ठेवण्यासाठी वेगळे पोर्टच हवेत, आणि सॉफ्टवेअरमध्ये एकाला मुख्य व दुसऱ्याला विस्तार म्हणून नेमावे लागते. पट्टी दाबल्यावर प्रत्येक बोटाला स्वतंत्र चॅनल देणारे एमपीई प्रकारचे कीबोर्डही असेच चॅनल व्यापून टाकतात. काही अगदी स्वस्त कीबोर्डांत चॅनल बदलता येतो, परंतु केबल काढताच तो पुन्हा १ वर जातो. असे यंत्र एकटे असेल तर उत्तम, जोडीत निरुपयोगी. शिवाय खोक्यावरचे दिवे किंवा मोटारीचे फेडर संगणकाकडून हलवायचे असतील, तर जाणारा संदेशही योग्य पोर्टलाच जावा लागतो, आणि तेथे केवळ चॅनलवर भागेलच असे नाही.

अशा वेळी पोर्टच पक्के करावे लागते. चांगला, स्वतंत्र वीजपुरवठ्याचा एक यूएसबी हब घ्यावा, त्याच्या प्रत्येक तोंडावर आणि प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी चिकटवावी आणि हबची केबल लॅपटॉपच्या एकाच ठरलेल्या पोर्टला लावावी. मी उद्यमनगरातून एक पत्र्याची ताटली वाकवून घेतली आहे. तिच्यावर हब आणि दोन्ही खोके स्क्रूने बसवलेले असून मधल्या केबली कधीच काढल्या जात नाहीत, बाहेर फक्त एक केबल येते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाआधी मांडामांडीला मोजकाच वेळ मिळतो, त्यात केबली ओळखत बसणे परवडत नाही. रीपर वापरणाऱ्यांनी यापुढे जाऊन पसंतींमधल्या मिडी इनपुटच्या यादीत प्रत्येक यंत्राला स्वतःचे टोपणनाव द्यावे. विंडोजवर लूपमिडीसारखे आभासी, म्हणजे केवळ सॉफ्टवेअरमध्ये असलेले, पोर्ट आणि मॅकवर आयएसी ड्रायव्हर वापरून प्रत्येक खोक्याचा प्रवाह वेगळ्या नावाच्या वाटेने नेता येतो, परंतु अधिकच्या प्रत्येक टप्प्याबरोबर बिघाडाची एक जागा वाढते, म्हणून मी त्या वाटेला अगदी गरज पडली तरच जातो.

हबच्या विजेबद्दल थोडे. यूएसबी २.० चे एक पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते, आणि स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर नसलेला हब पुढच्या प्रत्येक तोंडाला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो. झगझगीत दिव्यांचे दोन-तीन कंट्रोलर अशा हबवर लावले की एखादा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्यात सॉफ्टवेअरने त्याला सोडून दिलेले असते. अ‍ॅडॉप्टरच्या हबचा प्रश्न वेगळा आहे. वळवाच्या पावसात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, परंतु हबची वीज जाते आणि त्यावरची सगळी यंत्रे एकदम गळून पडतात. दाबलेला स्वर त्याच क्षणी अडकतो, कारण तो थांबवण्याचा संदेश पाठवायला यंत्रच उरलेले नसते. म्हणून हबचा अ‍ॅडॉप्टर छोट्या यूपीएसवर असावा, आणि १२३ क्रमांकाचा कंट्रोल, जो सगळे स्वर बंद करतो, लॅपटॉपच्या एखाद्या कळीवर लावून ठेवावा.

कीबोर्डांना पाच पिनांचे जुने मिडी तोंड असेल, तर आणखी एक भक्कम मार्ग आहे: अनेक इनपुटांचा एकच मिडी इंटरफेस घ्यावा आणि प्रत्येक कीबोर्ड त्याच्या वेगळ्या इनपुटला लावावा. संगणकाला तेव्हा एकच यूएसबी यंत्र दिसते आणि त्याची इनपुटे क्रमांकानुसार कायम राहतात. सगळे कीबोर्ड मर्ज करून एकाच इनपुटात आणण्याचा मोह मात्र टाळावा. त्या जुन्या जोडणीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि तीन बाइटच्या एका संदेशाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. चौघांनी एकदम चार-चार स्वरांची पकड घेतली तर शेवटचा स्वर सुमारे पंधरा मिलिसेकंद मागे पडतो, आणि तालावर बसलेल्या कानाला ते जाणवते.

२०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये या प्रश्नाचा विचार झालेला आहे. तेथील संवादात प्रत्येक यंत्र स्वतःसाठी २८ बिटांचा एक यादृच्छिक क्रमांक निवडते, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन नगही बोलणे चालू असताना वेगळे राहतात, आणि आपला अनुक्रमांक सांगण्याचीही सोय तेथे आहे. परंतु आपल्या हातात असलेली स्वस्त यंत्रे मिडी १.० चीच आहेत आणि ती अजून बरीच वर्षे चालणार आहेत.

म्हणून दुसरा नग घेण्याआधी पहिल्याची परीक्षा घ्यावी, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. उत्पादकाचा एडिटर उतरवून घ्यावा, चॅनल १ सोडून कोणताही दुसरा लिहावा, केबल काढून ती वेगळ्या पोर्टला लावावी आणि स्वर त्याच नव्या चॅनलवर येतो का ते पाहावे. चॅनल टिकला तर त्याच मॉडेलचे आणखी तीन नग निर्धास्त घ्यावेत. टिकला नाही, तर दुसरा नग वेगळ्या मॉडेलचा घ्यावा, म्हणजे निदान संगणकाला दोन वेगळी नावे तरी दिसतील.